नोकरीची मुलाखत : खरे कोणी बोलायचे?



या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी मागच्या रांगेत बसून ऐकावे, अशी आमची अनेक वर्षांची सवय. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढे जे काही थोडेफार झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत. चालकांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही 'औषधाच्या कारखान्यातील नोकरीची मुलाखत' असे सांगितले. ते थोडे थबकले. कामगार चळवळीतल्या माणसाने संपावर बोलावे, कायद्यावर बोलावे. मुलाखत हा काय व्याख्यानाचा विषय झाला? पण आमचा अनुभव असा आहे की, कामगार आणि मालक यांचे नाते पुढे कसे राहणार, हे पुष्कळदा त्या पंधरा मिनिटांतच ठरून जाते. आणि कारखाना औषधाचा असला, म्हणजे त्या नात्याचा संबंध तुमच्या-आमच्या घरातल्या आजाऱ्याशी येऊन पोहोचतो. तो कसा, हे आज सांगावयाचे आहे.

आरंभ स्वतःपासून करतो. दुसऱ्याच्या गोष्टी सांगावयाच्या आणि आपली झाकून ठेवावयाची, हे बरे नव्हे.

साल १९९०. आम्ही लालबागला चाळीत राहत होतो. वडील गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत आमचे वडीलही होते. ते पुन्हा गिरणीत गेले नाहीत. आई खानावळीचे डबे करून घर चालवीत होती. अशा घरातल्या मुलाला उपनगरातल्या एका मोठ्या औषध कंपनीकडून मुलाखतीचे पत्र आले, तेव्हा ती बातमी मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांत पोहोचली. औषध कंपनी म्हणजे पांढरा कोट, डोक्याला टोपी, कॅन्टीनचे जेवण आणि दिवाळीला बोनस. शेजारच्या काकांनी आपला शर्ट दिला. आईने हातावर दही ठेवले.

खोलीत तिघे साहेब होते. त्यांनी मार्क विचारले, उंची विचारली, रात्रपाळी चालेल का ते विचारले. मग मधल्या साहेबांनी अर्जावरचा पत्ता पाहिला. "लालबाग? वडील काय करतात?" आम्ही म्हणालो, "गिरणीत होते." साहेबांनी पेन खाली ठेवले आणि विचारले, "संपात होते काय?"

आम्ही म्हणालो, "नाही साहेब. तेव्हा ते गावी होते, आजारी होते."

सभ्य स्त्री-पुरुषहो, हे धादांत खोटे होते. आमचे वडील त्या काळात एक दिवससुद्धा आजारी नव्हते. ते मोर्च्यात चालत होते. पण नोकरी लागली. रात्री जेवताना आम्ही घडलेले सांगितले. आई गप्प बसली. वडिलांनी हातातला घास खाली ठेवला आणि एवढेच विचारले, "त्यांनी विचारलंच कशाला?" ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. त्यांचा तो प्रश्न पुढे कितीतरी वर्षे आमच्याबरोबर राहिला. आज येथे उभे आहोत तेही त्याच प्रश्नापायी.

कामावर रुजू झाल्यानंतर पहिल्याच दिवशी आम्हां नव्या मुलांना एका खोलीत बसवून शिकवणी देण्यात आली. शिकविणारे गृहस्थ मोठे कळकळीचे होते. ते म्हणाले, "औषधाच्या कारखान्यात वही हीच देव. जे घडलं तेच लिहायचं, ज्या वेळी घडलं त्याच वेळी लिहायचं. चुकलं तर खाडाखोड करायची नाही, पांढरा रंग लावायचा नाही. चुकीच्या आकड्यावर एकच रेघ मारायची, अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा लिहायचा, सही करायची, तारीख घालायची." ही रीत उत्तम आहे. जगभरच्या औषध कारखान्यांत ती पाळावयाची असते. रोगी काही गोळी फोडून पाहू शकत नाही. आत काय आहे याची हमी त्याला त्या वहीवरूनच मिळावयाची असते.

आम्ही ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, आज सकाळी येथे खरे लिहावयाचे शिकवतात. पण आम्ही आत आलो ते खोटे बोलून. खरे बोललो असतो तर ही शिकवणी ऐकण्यास आम्ही येथे नसतो.

आमच्या भाषणाचा सारा अर्थ एवढाच आहे. मुलाखतीच्या खोलीत माणसाला भीतीपोटी खोटे बोलावयास लावावयाचे आणि कारखान्यात मात्र त्याच्याकडून निर्भय खरेपणाची अपेक्षा करावयाची, या दोन गोष्टी एका ठिकाणी नांदत नाहीत.

आता असे कोणी म्हणेल की, मुलाखतीत कंपनीने काही विचारूच नये की काय? तसे आमचे म्हणणे नाही. काही प्रश्न विचारलेच पाहिजेत. उमेदवाराला रंग नीट ओळखता येतात का हे पाहिले पाहिजे, कारण दोन औषधांच्या लेबलांत कधी कधी रंगाच्या पट्टीचाच फरक असतो. पेनिसिलिनच्या खात्यात घ्यावयाचा असेल तर त्याला पेनिसिलिन सोसते का हे विचारलेच पाहिजे. ज्याला ते सोसत नाही त्याच्या जिवावर बेतू शकते. त्वचेचा विकार, वाहणारी जखम, संसर्गाचा आजार यांचीही विचारपूस हवी, कारण त्याचा संबंध औषधाच्या शुद्धतेशी आहे. हे प्रश्न कामाचे आहेत. कामगाराच्याही हिताचे आहेत.

परंतु गंमत पाहा. वडील संपात होते का, लग्न केव्हा करणार, युनियनशी संबंध आहे का, या प्रश्नांनी उमेदवार आधीच ताडतो की, येथे खरे बोलणारा घराकडे जातो. मग पेनिसिलिनचा प्रश्न आला म्हणजे तो त्याच धास्तीने म्हणतो, "काही त्रास नाही साहेब." नको त्या प्रश्नांनी हव्या त्या प्रश्नाचे उत्तरही नासविले! आमच्या ओळखीचा एक मुलगा अंगावर गांधी उठत असताना दोन महिने पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून काम करीत होता. त्याला विचारले तर म्हणाला, "सांगितलं तर काढतील." तो मूर्ख नव्हता. नोकरी टिकवावयाची तर गप्प राहावे, हा धडा त्याला मुलाखतीतच मिळाला होता.

बायकांच्या बाबतीत हा प्रकार किती जुना आहे ते पाहा. मुंबईतील एका औषध कंपनीत असा नियम होता की, एका खात्यातील अविवाहित बाईने लग्न केले की तिची नोकरी आपोआप संपावी. बॉम्बे लेबर युनियनने हा नियम न्यायालयात नेला. औद्योगिक न्यायाधिकरणाने तो उचलून धरला. युनियन सर्वोच्च न्यायालयात गेली. कंपनीचे म्हणणे असे की, काम गटाने करावयाचे असते आणि लग्न झालेल्या बायका फार गैरहजर राहतात. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने हा नियम रद्द केला. न्यायालयाने पाहिले की, काम आहे लेबले लावण्याचे, बाटल्या भरण्याचे आणि बांधाबांधीचे. ते विवाहित बाईला का जमू नये? विधवेला मनाई नाही, मग सधवेलाच का? फरक काय तो बाळंतपणाच्या रजेचा; त्यासाठी चार बायका जास्त ठेवाव्यात. केवढा सरळ विचार! पण त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

पुढे १९९१ साली आणखी एक निकाल लागला. आयुर्विमा महामंडळाच्या नोकरीच्या छापील फॉर्मात बाईला तिच्या मासिक पाळीचे आणि गरोदरपणाचे प्रश्न विचारलेले होते. एका बाईला नोकरीवरून दूर केल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा न्यायालयाने तिला परत घ्यावयास लावले आणि असले रकाने काढून टाका असे बजावले. छापील रकाने गेले. परंतु तोंडी प्रश्न कुठे गेले? आमच्याकडे सल्ल्याला येणाऱ्या बी.एस्सी., बी.फार्म. झालेल्या मुली सांगतात, "लग्नाचं काय ठरलंय?" हा प्रश्न आजही हसत हसत विचारला जातो. १९७६ च्या समान वेतनाच्या कायद्याने भरतीत स्त्री-पुरुष भेद करण्यास बंदी केली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेतही ती बंदी आहे. पण हसत विचारलेल्या प्रश्नावर साक्षीदार कोठून आणावयाचा?

आता कंत्राटी कामगारांकडे वळू, कारण आजच्या औषध कारखान्यांत त्यांची संख्या डोळ्यांत भरते. तारापूरला जा, पाताळगंगेला जा, कुरकुंभला जा. सकाळच्या पाळीला फाटकाशी उभे राहून पाहा. गणवेशाच्या रंगावरून कोण कंपनीचा आणि कोण कंत्राटदाराचा हे ओळखू येते. कंपनीच्या पदवीधर उमेदवाराची मुलाखत तीन तीन फेऱ्यांत होते. "वरिष्ठाने कालचा आकडा आज लिहायला सांगितला तर काय कराल?" असाही प्रश्न त्याला विचारतात. मुले आमच्याकडे त्याचे उत्तर पाठ करून जातात : "मी लिहिणार नाही, गुणवत्ता खात्याला कळवीन." उत्तर बरोबर आहे, गुणही मिळतात. कंत्राटी मुलाची मुलाखत मात्र फाटकाबाहेर टपरीशेजारी दीड मिनिटात उरकते. "आधार कार्ड आणलंस? बारा तास उभा राहशील? उद्यापासून ये." पिंप फिरविणार तो, चाळण धुणार तो, खोकी मोजणार तो, आणि त्याला मात्र चूक दिसली तर काय करशील, हे कोणी विचारीत नाही.

अशा वेळी खरे बोलण्याची किंमत काय पडते, त्याची एक हकिगत सांगतो. आम्ही ज्या पॅकिंग खात्यात होतो तेथे एक बाई हंगामी म्हणून काम करीत होत्या. नाव सांगत नाही. एक बॅच संपून दुसरी सुरू करावयाची असली म्हणजे आधीच्या बॅचचे एकही लेबल मशीनपाशी राहता कामा नये, शिल्लक लेबले मोजून जमा करावयाची, असा कडक नियम असतो. एका दुपारी नवी बॅच सुरू झाल्यावर या बाईंना मशीनच्या मागे आधीच्या औषधाची काही लेबले पडलेली दिसली. वहीत तर 'सर्व जागा स्वच्छ' अशी सही झालेली. बाईंनी हात वर केला. मशीन थांबले. भरलेली खोकी उघडून तपासावी लागली. तीन तास गेले, त्या दिवशीचा माल ठरल्याप्रमाणे निघाला नाही. सुपरवायझर त्यांना एक शब्दही बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात हंगामी बायकांना ब्रेक देऊन परत बोलावले, तेव्हा त्यांत या बाईंचे नाव नव्हते.

त्यांना कशासाठी वगळले असे विचारले तर उत्तर मिळे, "गरज नव्हती." कागदावर काही चूक नव्हती. पण खात्यातल्या साऱ्यांनी जे समजावयाचे ते समजून घेतले. त्यानंतर वर्षभर त्या लाइनवर कोणी हात वर केलेला आम्ही पाहिला नाही. चुका होतच नव्हत्या असे कोणी समजू नये. आम्ही स्वतः त्या वेळी कायम झालो होतो. आम्ही बोलू शकत होतो आणि बोललो नाही. याची टोचणी लागली, म्हणूनच आम्ही युनियनच्या कामात पडलो.

हे सारे खात्यातले, बाहेरच्यांना त्याचे काय, असे आपणांस वाटेल. म्हणून आता कारखान्याच्या बाहेर येऊ. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य होते, आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेन्टिन यांच्या चौकशी आयोगाने त्या प्रकरणात पुरवठादारापासून रुग्णालयापर्यंत आणि औषध प्रशासनापर्यंत साऱ्यांचे वाभाडे काढले. त्याला पुष्कळ वर्षे लोटली. २०२२ साली आफ्रिकेतील गाम्बिया देशात भारतात बनलेल्या खोकल्याच्या औषधांशी किमान ६६ मुलांच्या मृत्यूचा संबंध असल्याचा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने दिला. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधाने २० हून अधिक मुले दगावली. त्या औषधात हेच विषारी द्रव्य शेकडा ४८ हून अधिक निघाले. ते शेकडा ०.१ पेक्षा अधिक असता कामा नये.

खोकल्याच्या औषधाचे पिंप आपोआप चालत येत नाही, हे ध्यानात घ्या. कोणीतरी ते गाडीतून उतरवितो. कोणीतरी त्यावरचे लेबल वाचतो. कोणीतरी नमुना काढतो, कोणी तपासतो, कोणी वजन करून ओततो, आणि प्रत्येक जण वहीत सही करतो. या साखळीतल्या प्रत्येकाला 'थांबा' म्हणता आले पाहिजे. सरकारी निरीक्षक वर्षाकाठी कधीतरी येतो; कामगार रोज तेथे असतो. त्याचे तोंड बंद केले तर मुलाला पाजावयाच्या चमच्याची राखण कोणी करावयाची?

ही गोष्ट लहान कारखान्यांपुरतीच आहे असेही नाही. २०१३ साली रॅनबॅक्सीच्या अमेरिकेतील कंपनीने तेथील न्यायालयात गुन्हा कबूल केला. सदोष औषधे विकणे आणि तेथील औषध प्रशासनाला खोटी माहिती देणे असे ते आरोप होते, आणि एकूण ५० कोटी डॉलर भरावे लागले. हे बाहेर आणणारे दिनेश ठाकूर हे त्याच कंपनीत अधिकारी होते आणि त्यांनी २००५ सालीच ती नोकरी सोडली होती. खरे बोलण्यासाठी जर मोठ्या पगाराच्या अधिकाऱ्यालाही बाहेर पडावे लागते, तर रोजंदारीवरच्या पोराने काय करावे?

औषध विक्रेत्या प्रतिनिधींविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण सुशिक्षित घरांतली पुष्कळ मुले तेथे जातात. त्यांच्या मुलाखतीत विचारतात : स्वतःची दुचाकी आहे का, बोलता येते का, टार्गेट गाठून दाखवाल का. आपल्या औषधाचा दुष्परिणाम डॉक्टरांना आपण होऊन सांगाल का, हा प्रश्न विचारल्याचे आम्ही अजून कोणाकडून ऐकलेले नाही. या मंडळींनी १९६३ साली आपला अखिल भारतीय संघ उभा केला आणि १९७६ साली आपल्यापुरता कायदा मिळविला. त्यात नेमणूक पत्र देण्याची सक्ती होती. तो कायदा आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगारांच्या सुरक्षिततेच्या संहितेत विलीन झाला आहे, आणि त्या संहितेने नेमणूक पत्राचा हक्क इतर कामगारांनाही दिला आहे. जुन्या कायद्यांतले काय गेले यावर आमचा वाद आहे आणि तो आम्ही अन्यत्र घालू. पण जे मिळाले ते पदरात पाडून घेतले पाहिजे.

आता टीका पुरे. करावयाचे काय, ते सांगतो.

मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्यांना आमचे हात जोडून सांगणे आहे. आपणही नोकरच आहात, हे आम्ही विसरत नाही. आपणांस वरून जे सांगितले ते आपण विचारता. तरीपण प्रत्येक प्रश्नापूर्वी मनाशी एक कसोटी लावा : या उत्तराचा औषधाशी काही संबंध आहे काय? असेल तर विचारा, आणि खरे सांगणाऱ्याला घराकडे पाठवू नका; त्याला सोसेल असे दुसरे खाते द्या. नसेल तर तो प्रश्न गिळून टाका. संघटना करण्याचा हक्क घटनेच्या १९ व्या कलमाने नागरिकाला दिलेला आहे. तो हक्क घरी ठेवून या, असे मुलाखतीत सुचवू नका. आणि आजारी कामगाराने आजार सांगावा असे वाटत असेल तर त्या दिवसाचा पगार कापू नका. खोकला लपवून भरपगारी काम आणि खोकला सांगून बिनपगारी घर, यांतून गरिबाने काय निवडावे?

तरुण मित्रांनो, तुम्हांलाही सांगतो. मुलाखत ही परीक्षा आहे हे खरे, पण ती एकतर्फी नाही. शेवटी साहेब विचारतात, "तुम्हाला काही विचारायचं आहे का?" तेव्हा मुले मान हलवून उठतात. उठू नका. नम्रपणे विचारा : नेमणूक पत्र केव्हा मिळेल? नेमणूक कंपनीची की कंत्राटदाराची? चूक दिसली तर कोणाला सांगावयाचे, आणि सांगणाऱ्याचे पुढे काय होते? या शेवटच्या प्रश्नाला साहेब कसे उत्तर देतात ते पाहा. त्यावरून कारखाना कसा आहे ते कळेल. मात्र घरात चूल थंड असताना हे प्रश्न विचारणे किती कठीण आहे, हे आम्ही जाणतो. ते एकट्याने विचारावयाचे धैर्य नसेल तर चारजणांनी मिळून विचारावयाचे असते. संघटना म्हणतात ती हीच. ज्यांनी पोटासाठी खोटे उत्तर दिले असेल, त्यांना आम्ही दोष देणार नाही. आम्ही कोणत्या तोंडाने देणार?

आमचे वडील आज हयात नाहीत. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला त्यांच्या हयातीत देता आले नाही. आज देतो. संपात होते का, हे त्यांनी यासाठी विचारले की, घरी आलेला मुलगा कधी 'नाही' म्हणेल की काय, हे त्यांना आधीच जाणून घ्यावयाचे होते. आणि औषधाच्या कारखान्याला तर वेळेवर 'नाही' म्हणणारा माणूस पहिल्याने हवा.

त्या पहिल्या दिवशीच्या शिकवणीत सांगितले होते की, चुकीची नोंद खोडावयाची नाही. तिच्यावर एकच रेघ मारावयाची, खालचे वाचता आले पाहिजे, आणि शेजारी खरे लिहून सही करावयाची. १९९० सालच्या आमच्या त्या उत्तरावर आज आपणां सर्वांसमक्ष आम्ही तशी रेघ मारतो. खालचे आपण वाचलेच आहे. दुरुस्ती अशी : होय साहेब, आमचे वडील संपात होते.